वाळवंटात नेलेली फाईल

माझे सासरे अमेरिकेत आले ते निवडुंग बघायला. कोणाला सांगितलं तर हसतात, पण खरं आहे. नायगारा नको, स्वातंत्र्यदेवीचा पुतळा नको, सगळ्याला त्यांनी फोनवरच नकार दिला होता. यवतमाळकडच्या एका शाळेत त्यांनी तीस वर्षं भूगोल शिकवला होता. दरवर्षी 'उष्ण वाळवंटी प्रदेश' हा धडा आला की ते फळ्यावर खडूनं तोच निवडुंग काढायचे. मधे जाड खांब, दोन्ही बाजूंनी वर वळलेले दोन हात आणि शेजारी एक उंट. उंट त्यांनी राजस्थानच्या सहलीत पाहून घेतला होता, निवडुंग तेवढा राहिला होता. म्हणून २००२च्या जानेवारीतच, सासू-सासऱ्यांची तिकिटं निघायच्या आधी, माझ्या नवऱ्यानं ॲरिझोनातल्या निवडुंगांच्या पार्कजवळ एक मोटेल बुक करून टाकलं होतं.

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात त्याची नोकरी गेली.

आम्ही तेव्हा टेक्ससमध्ये, प्लेनोला राहत होतो. टेलिफोनची यंत्रं बनवणाऱ्या कंपन्या त्या वर्षी पटापट माणसं काढत होत्या. आमच्या कॉम्प्लेक्समध्ये दर शनिवारी कोणाचा तरी सोफा कचऱ्याच्या पेटीजवळ येऊन पडायचा. सोफा दिसला की समजायचं, आणखी एक घर परत चाललं. नवरा एच-वन व्हिसावर होता, म्हणजे ज्या कंपनीनं बोलावलं तिथली नोकरी संपली की देशात राहण्याचं कारणच संपलं. मी त्याच्या व्हिसाला बांधलेली, मला कामाची परवानगी नाही. नोकरी गेल्यावर किती दिवस राहता येतं, यावर जो तो आपलं मत द्यायचा. कोणी म्हणे दहा दिवस, कोणी म्हणे साठ. वकील म्हणाला, एकही नाही. लवकर दुसरी कंपनी शोधा आणि तोवर कुठल्या सरकारी माणसाच्या नजरेत येऊ नका.

पाचव्या दिवशी सासू-सासरे विमानातून उतरले.

त्यांना सांगायचं नाही, हे नवऱ्यानं ठरवलं. मी भांडले. माझा स्वभाव तापट आहे आणि लपवाछपवी मला जमत नाही, चेहऱ्यावर सगळं उमटतं. पण त्याच्याकडे एक कारण होतं. बाबा दर फोनला विचारायचे, "पर्मनंट झाला का रे?" शाळामास्तराच्या जगात नोकरीचे दोनच प्रकार, टेंपररी आणि पर्मनंट. इथे तसं काही नसतं हे दोन वर्षं समजावून तो थकला, आणि एकदा वैतागून त्यानं "हो बाबा, झालो" असं म्हणून टाकलं. बाबांनी शाळेत पेढे वाटले. त्यांच्याइतका खऱ्याला धरून असलेला माणूस मी पाहिलेला नाही. स्वतःच्या पुतण्याला परीक्षेत एक गुण वाढवून दिला नाही म्हणून भावाचं घर त्यांना तुटलं होतं. त्यांनी वाटलेले ते पेढे नवऱ्याच्या गळ्यात अडकून बसले होते.

"ते ऑगस्टमध्ये परत जातील. तोपर्यंत काहीतरी मिळेल यार," तो म्हणाला. "नाही मिळालं तर मग सांगू."

त्यामुळे रोज सकाळी तो इस्त्रीचा शर्ट घालून, लॅपटॉपची बॅग घेऊन बाहेर पडायचा. सासूबाई पहाटे उठून त्याला डबा करून द्यायच्या. पोळी, भाजी, वर लोणच्याची फोड. तो पब्लिक लायब्ररीत जाऊन बसायचा, दिवसभर अर्ज पाठवायचा आणि दुपारी पार्किंगमध्ये गाडीतच डबा खायचा. एकदा मी चार वर्षांच्या लेकीला गोष्टीच्या तासाला लायब्ररीत नेलं, तर तिनं बाप पाहिला. तेव्हापासून ती घरात सारखी म्हणायची, "बाबा वर्क्स ॲट द लायब्ररी." आजी-आजोबांना तिचं इंग्रजी झेपत नसे. त्यांना कधी झेपलं तर काय होईल, या विचारानं मला जेवण गोड लागायचं नाही.

ट्रिप रद्द करू, असं मी म्हणाले. तो म्हणाला, कॅन्सल केलं तर का म्हणून विचारतील, आणि बाबांना कारण सांगायचं तर ते पटणारं लागतं. बाबांनी विचारलंच होतं, "रजा मंजूर झाली? लेखी?" तो हो म्हणाला. एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही निघालो. तोपर्यंत सहा आठवडे झाले होते.

आता फाईलबद्दल सांगते, कारण सगळं तिच्यामुळे घडलं. आपल्याकडे कुठल्याही घरात असते तशी ती एक प्लॅस्टिकची निळी फाईल होती. सगळ्यांचे पासपोर्ट, लेकीचा जन्मदाखला, लग्नाचं प्रमाणपत्र, पदव्या, व्हिसाचे कागद, सगळं अस्सल, सगळं एकाच जागी. आधीच्या सप्टेंबरात न्यूयॉर्कचे मनोरे पडल्यानंतर आमच्यातला जो तो दुसऱ्याला बजावत होता, की गावाबाहेर पडताना सगळे कागद बरोबर ठेवा, झेरॉक्स चालत नाही. म्हणून मी ती आख्खी फाईल उचलून बॅगेत टाकली. आणि कंपनीनं दिलेलं, नोकरी संपल्याचं पत्रही त्याच फाईलीत होतं. मीच लावलं होतं. नवरा फाडून टाकणार होता. वकिलाला लागेल म्हणून मी ते त्याच्या हातातून घेतलं, आणि कागद म्हटला की फाईलीत, या सवयीनं माझ्या हातांनी त्याच्या पासपोर्टमागच्या कप्प्यात सरकवलं. नंतर मी ते साफ विसरून गेले.

गाडीत बाबा पुढे बसले, मांडीवर रस्त्यांचा मोठा नकाशा. कुठली नदी कोरडी, कुठे समुद्रसपाटीपासून उंची वाढली, सगळं ते वाचून सांगत होते. मागे सासूबाई, मी आणि मधे लेक. दुसऱ्या दिवशी एल पासो मागे पडलं, न्यू मेक्सिको लागलं, आणि पुढे एका जागी सगळ्या गाड्या हायवेवरून खाली वळवणारी पाटी दिसली. सीमेवरच्या पोलिसांचा तपासणी नाका. मी आरशातून नवऱ्याकडे पाहिलं. तोही माझ्याकडेच बघत होता. पण त्या दिवशी नाका बंद होता. शंकूसारखे नारिंगी अडथळे बाजूला सारलेले, टपरीत कोणी नव्हतं. आम्ही न थांबता निघून गेलो.

"हे काय होतं?" बाबांनी विचारलं.

"टोलनाका असेल जुना," नवरा म्हणाला.

रात्री मोटेलच्या बाहेर, बर्फाच्या मशीनपाशी उभं राहून त्यानं मला सांगितलं, की परतीच्या बाजूलाही असाच एक नाका आहे आणि तो सहसा बंद नसतो. मित्र म्हणाला होता. कागद बघतात, कुठे काम करता विचारतात. त्यांनी कंपनीत फोन केला तर संपलं, तिथेच उतरवतील. मी म्हटलं, मग उत्तरेकडून वळसा घालून जाऊ. त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "बाबांना काय सांगू? तीनशे मैल जास्त का जायचं, ते सांग मला." भूगोलाच्या मास्तराला लांबचा रस्ता पटवून देणं आम्हा दोघांनाही शक्य नव्हतं. त्या रात्री मी नावालाच झोपले.

सकाळी आठला आम्ही पार्कमध्ये होतो, आणि इतक्या लवकरसुद्धा ऊन डोळ्यात घुसत होतं. टेकडीच्या उतारावर ते उभे होते, शेकड्यांनी. मी चित्रात पाहिले होते, पण चित्रात त्यांची उंची कळत नाही. दोन मजल्यांच्या घराएवढे, काही त्याहून उंच, आणि सगळे एकमेकांपासून अंतर राखून. वारा होता तरी एकही हलत नव्हता. झाड म्हटलं की काहीतरी हलतं, सळसळतं, इथे काहीच नाही. मला ते अजिबात आवडले नाहीत, खरं सांगते. कोणीतरी खूप लोकांना हात वर करायला सांगून निघून गेल्यासारखं वाटत होतं.

बाबा मात्र गाडीतून उतरल्यावर जागेवरच थांबले. त्यांनी चष्मा काढून पुसला, परत लावला. मग म्हणाले, "हात दोनच नसतात."

काहींना सहा-सात हात होते, काहींना एकही नव्हता. एकाचे तर सगळे खाली लोंबत होते. तीस वर्षं मोजून दोन हात काढणाऱ्या माणसाला हा पहिला धक्का होता. दुसरा माहिती केंद्रात बसला. तिथे टोपी घातलेली एक वयस्कर बाई लोकांना पार्कची माहिती देत होती. बाबांनी शाळेतल्या इंग्रजीत, वाक्य आधी मनात जुळवून, तिला विचारलं, की सहारातले सवारो, म्हणजे हे उंच निवडुंग, मोठे की इथले? ती गोड हसून म्हणाली, सहारात सवारो नाहीच. हा निवडुंग जगात फक्त याच वाळवंटात उगवतो, इथे आणि सीमेपलीकडे मेक्सिकोत. उंटाशी त्याची कधी गाठ पडलेली नाही.

बाबांचा चेहरा पडला. ते बाकावर बसले. सासूबाई म्हणाल्या, "जाऊ द्या ना बाप्पा, कोणाले माहीत आहे तिकडे." तेच चुकलं.

"मला माहीत आहे ना आता," बाबा म्हणाले. "तीस वर्षं पोरांना खोटं शिकवलं मी. पुस्तकात नव्हतं, माझ्या मनाचं काढलं. त्यातली अर्धी पोरं आता मास्तर झाली असतील."

नवरा त्यांना समजावायला गेला, की इतक्या लहान गोष्टीचं काय. बाबा त्याच्याकडे न बघता म्हणाले, परत गेल्यावर ते हेडमास्तरांना पत्र लिहून चूक कळवणार. नवरा वळून शोकेसमधल्या विंचवाकडे बघत उभा राहिला. मी त्याच्याकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर दोघांचेही चेहरे उघडे पडले असते.

दाराजवळ व्हिजिटर्स बुक होतं. लोक त्यात दोन शब्द लिहीत होते, छान आहे, खूप ऊन आहे, असलं काहीतरी. बाबांना ती लॉजची नोंदवही वाटली. त्यांनी पेन काढून पूर्ण नाव लिहिलं, वडिलांचं नाव, कायमचा पत्ता पिनकोडसह, कोठून आलात, कोठे जाणार. मग मला म्हणाले, "बेटा, माझा पासपोर्ट नंबर लागेल. फाईल दे."

मी म्हटलं, बाबा, इथे नंबर लागत नाही. ते म्हणाले, परक्याच्या देशात नोंद पूर्ण असावी. लेक माझा हात ओढत होती, "मम्मा, पॉटी, पॉटी," आणि मी बॅगेतून फाईल काढून त्यांच्या हातात दिली आणि तिला घेऊन धावले.

संडासात, तिची चड्डी वर ओढताना, मला ते पत्र आठवलं. बाबा हातात आलेला कागद वाचल्याशिवाय ठेवत नसत. औषधाच्या बाटलीबरोबर येणारी चिठ्ठी, भाजीच्या पुडीचा कागद, सगळं पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत. लेकीला काखेत मारून मी परत आले तेव्हा ते बाहेर ओसरीत बसले होते. फाईल मांडीवर, बंद. दोन्ही हात फाईलीवर. समोरच्या निवडुंगाकडे बघत होते.

"मिळाला नंबर?" मी विचारलं.

"मिळाला," ते म्हणाले आणि फाईल माझ्याकडे दिली.

एवढंच. आवाजात काही नाही, चेहऱ्यावर काही नाही. मी फाईल बॅगेत कोंबली. उघडून बघायची सोय नव्हती, ते समोरच होते. नवऱ्याला सांगायचं धाडस झालं नाही, कारण चूक माझी होती. वाचलं असेल, नसेल, वाचलं असेल, नसेल. त्यांचा पासपोर्ट पुढच्या कप्प्यात होता, कदाचित तेवढाच काढला असेल.

मग माहिती केंद्रातल्या त्या बाईच्या मागोमाग आम्ही दहा-बारा जण पायवाटेनं निघालो. पाट्या होत्या, साप असतात, हात कुठे घालू नका, मोठ्या निवडुंगाखाली उभे राहू नका, फांदी कोसळू शकते. वाटेत एक मेलेला सवारो आडवा पडला होता. मांसल भाग सडून गेलेला, आत लाकडाच्या लांब काठ्या, बांबूसारख्या. त्याच्या बाजूला एक उंच, हिरवागार सवारो उभा होता, शेंड्यावर पांढरी फुलं उमललेली. आम्हाला वाटलं, त्या बाईला तो फुलांसाठी दाखवायचा आहे. पण ती म्हणाली, हा मेलेला आहे. काही वर्षांपूर्वी एक कडाक्याची रात्र आली होती, त्या थंडीत तो आतून गोठला. सवारोचं असंच असतं. दुसऱ्या दिवशी काही दिसत नाही. वर्षानुवर्षं हिरवा राहतो, फुलतो, आणि मग एक दिवस खचतो. याच्याकडे आता फार दिवस नाहीत.

बाबांना सगळं समजलं नसावं असं वाटून नवऱ्यानं ते मराठीत सांगितलं. बाबांनी ऐकून घेतलं. मग ते त्या हिरव्या खोडाच्या जवळ गेले, पाटी होती तरी, आणि वरपासून खालपर्यंत बघत राहिले.

"बाहेरून काहीच कळत नाही," ते म्हणाले.

"नाही ना," नवरा म्हणाला.

"त्याला कळत असेल का? स्वतःला?"

नवरा म्हणाला, "बाबा, झाड आहे ते." त्याचं कपाळ घामानं थबथबलं होतं, पण तिथे सगळ्यांचंच थबथबलं होतं. मी बाबांच्या पाठीकडे बघत होते. वाचलंय, अशी माझी खात्री झाली. आणि लगेच बाबा सासूबाईंना शेंड्यावर किती फुलं आहेत ते मोजून दाखवायला लागले, तेव्हा वाटलं, नाही वाचलं. परत गाडीकडे येताना सासूबाईंच्या पातळाला काटेरी निवडुंगाचा एक गोळा चिकटला. नवऱ्यानं खाली बसून कंगव्यानं तो उपटून काढला. बाबा सावलीत उभे राहून त्याच्याकडे बघत होते, लहान मुलाकडे बघावं तसं. ती नजर मला सहन होईना.

मोटेलच्या त्या एकाच खोलीत बॅग बाबांच्या उशाशी राहिली, रात्रीही मला ती उघडता आली नाही. परतीच्या दिवशी बाबा पुढे बसले, नकाशा न उघडता. एल पासो सोडून तासाभरानं ती पाटी आली. सगळ्या गाड्या खाली. या वेळी नारिंगी अडथळे रस्ता अडवून होते, पुढे रांग, हिरव्या गणवेशातली माणसं, आणि एक कुत्रा गाड्यांच्या चाकांपाशी हुंगत फिरत होता. रांग पुढे सरकत होती. लेक म्हणाली, "डॉगी!"

काच खाली आली. पोलीस तरुण होता, काळा चष्मा लावलेला. अमेरिकन नागरिक आहात का? नवरा म्हणाला, मुलगी आहे, आम्ही नाही. तो म्हणाला, कागद. नवऱ्यानं हात मागे केला. मी बॅगेतून फाईल काढली, आणि त्या दोन सेकंदांत पत्र काढून घ्यावं असं मनात आलं, पण पोलीस खिडकीतून माझ्याच हातांकडे बघत होता. मी फाईल दिली. आख्खी.

त्यानं ती बॉनेटवर ठेवून उघडली. एकेक कागद काढायला लागला. आमचे पासपोर्ट, लेकीचा जन्मदाखला. नवऱ्याचा पासपोर्ट हातात घेऊन त्यानं मागच्या कप्प्यात बोटं घातली. मी डोळे मिटून घेतले. खरंच मिटले, तिशी ओलांडलेल्या बाईनं. उघडले तेव्हा त्याच्या हातात व्हिसाचे कागद होते, तो वाचत होता, आणि बाकी काही नव्हतं. कप्पा रिकामा होता.

तो खिडकीशी आला. नवऱ्याला म्हणाला, "हू डू यू वर्क फॉर?"

माझा नवरा बोलघेवडा माणूस आहे. मुलाखतींत, पार्ट्यांत, फोनवर त्याला कधी शब्द कमी पडलेला नाही. त्या वेळी त्यानं तोंड उघडलं आणि आवाजच आला नाही. पोलीस वाट बघत होता. त्यानं काळा चष्मा वर केला.

"सर," बाजूच्या सीटवरून बाबा म्हणाले. शाळेतला आवाज, शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा. "ही इज माय सन. इंजिनियर. टेलिफोन कंपनी. पर्मनंट सर्व्हिस, सर. लीव्ह इज सँक्शन्ड."

पोलिसानं वाकून त्यांच्याकडे पाहिलं. खादीचा शर्ट, पांढरे केस, कानाला गुंडाळलेला मफलर, तोही एप्रिलात. नवरा तोवर सावरला आणि त्यानं जुन्या कंपनीचं नाव सांगितलं. पोलिसानं फाईल आत दिली. म्हणाला, छान ट्रिप होवो.

गाडी चार-पाच मैल पुढे गेली. मग बाबांनी शर्टाच्या आतल्या खिशातून, बनियनच्या बाजूनं, चार घड्या घातलेला कागद काढला आणि मागे न बघता माझ्यासमोर धरला. घामानं ओला झाला होता.

"हा वेगळ्या फाईलीत ठेवत जा, बेटा," ते म्हणाले. "सगळं एकत्र ठेवू नये."

सासूबाईंनी विचारलं, "काय आहे ते?" बाबा म्हणाले, "निवडुंगाची माहिती आहे." तासाभरात हे त्यांचं दुसरं खोटं.

नवऱ्यानं गाडी कडेला घेतली. चालूच ठेवली होती, स्टिअरिंगवर कपाळ टेकवून बसला. "बाबा," एवढंच म्हणाला. बाबांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, "मी साहेबाशी खोटं बोललो. तू आता माझ्याशी खोटं बोलू नकोस." मग त्यानं सगळं सांगितलं. लायब्ररी, डबा, पार्किंग, वकील. सासूबाई पदरात तोंड घालून रडल्या, आणि त्यातल्या त्यात डब्याबद्दल जास्त. रोज गाडीत बसून खायचा का रे, असं पुन्हा पुन्हा म्हणत होत्या. लेकीनं बापाकडे बोट दाखवून सांगितलं, "बाबा वर्क्स ॲट द लायब्ररी," आणि या वेळी आजोबांना ते समजलं.

जूनमध्ये नवऱ्याला सनीव्हेलला नोकरी मिळाली. कागद कसेबसे जुळवले गेले. आमचाही सोफा कचऱ्याच्या पेटीजवळ गेला, पण आम्ही गेलो कॅलिफोर्नियाला. बाबा ऑगस्टमध्ये परतले. हेडमास्तरांना त्यांनी खरोखर पत्र लिहिलं, सवारो सहारात आढळत नाही, त्यास दोनच हात असतात असे नाही, ही चूक माझी. त्याची एक प्रत आम्हालाही पाठवली. नाक्याबद्दल ते पुन्हा कधी बोलले नाहीत. आम्हीही नाही. वाटलं, झालं, संपलं.

२००६ मध्ये आम्हाला मुलगा झाला. सासू-सासऱ्यांचा आधीचा व्हिसा संपला होता, त्यांनी यावं म्हणून नव्या व्हिसाचे फॉर्म आम्ही इथूनच पाठवले, बहुतेक रकाने भरून. सही करा आणि खाली हो-नाहीचे प्रश्न आहेत, तिथे सगळीकडे 'नाही'वर खूण करा, असं मी फोनवर सांगितलं. सगळे तसंच करतात, कोणी ते प्रश्न वाचतही नाही. महिन्याभरानं सह्या झालेले फॉर्म, आम्ही एकदा तपासावेत म्हणून, पोस्टानं परत आमच्याकडे आले. सासूबाईंचा बरोबर होता. बाबांच्या फॉर्मवर एका प्रश्नापुढे शाईच्या पेनानं, ठळक, 'हो'च्या चौकोनात खूण होती. प्रश्न असा होता, की खोटी माहिती देऊन तुम्ही स्वतः अमेरिकेत राहण्याचा फायदा मिळवला आहे का, किंवा इतर कोणाला तो मिळवायला मदत केली आहे का.

नवऱ्यानं फोन केला. आधी हसून, मग रागावून, मग विनवून. दुसरा फॉर्म पाठवतो, फक्त सही करा. बाबा म्हणाले, "एकदा बोललो, तेव्हा तू समोर होतास. आता कोण आहे समोर? नुसता कागद आहे. कागदावर मी खोटं लिहीत नाही." सासूबाई एकट्या यायला तयार नव्हत्या. नवऱ्याचं ग्रीन कार्ड तेव्हा अडकलेलं होतं आणि देश सोडायची वकिलानं मनाई केली होती. मुलगा दोन वर्षांचा झाल्यावर आम्ही त्याला तिकडे नेलं, तेव्हा बाबांचे डोळे गेले होते. त्यांनी त्याच्या तोंडावरून हात फिरवून विचारलं, नाक कोणासारखं आहे.

तो फॉर्म आम्ही कुठे पाठवला नाही. कंपनीचं पत्र आणि तो फॉर्म मी एका वेगळ्या फाईलीत ठेवले आहेत, त्यांनी सांगितलं होतं तसं.